बुडापेस्टला कोण जाणार

व्हिसाची अपॉइंटमेंट मंगळवारी सकाळी दहाची होती. रविवार उजाडला तरी नाजिमानं नवऱ्याला साधा प्रश्न विचारला नव्हता: तुम्ही येणार का?

विचारला असता तर तो 'नाही' म्हणाला असता. अल्ताफला 'नाही' म्हणायला वेळ लागत नसे. बुधवार पेठेत त्याचं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं जुना रिमोट काउंटरवर ठेवायच्या आत त्याचं 'नाही' तयार असे, आणि तीन मिनिटांनी मागच्या खोक्यातून तस्साच रिमोट निघे. दुकानातलं 'नाही' असं रोज चारदा मागे घेतलं जायचं. घरातलं मात्र तीस वर्षांत एकदाही नाही.

दोन वर्षं तो आपल्या मुलीशी बोललेला नव्हता.

रुमाना म्युनिकला नोकरी करत होती. अल्ताफच्या थोरल्या बहिणीनं, खातूनआपांनी, आपल्या शहाबाजसाठी तिला मागणी घातली तेव्हा अल्ताफनं बसल्या जागी शब्द दिला. देणारच. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली, आणि अठरा वर्षांच्या आपांनी त्याला वाढवलं. तो मॅट्रिक होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही. अशा बहिणीला दिलेला शब्द महिन्याभरात मुलीनं फोनवरून मोडला. "मला शहाबाजशी लग्न करायचं नाही," एवढंच म्हणाली. कारण विचारलं तर गप्प. मग अल्ताफही गप्प झाला, तो अजून.

रुमाना म्हणायची, अब्बू बोलावतील तेव्हाच पुण्याला येईन. अल्ताफ म्हणायचा, तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही. जूनमध्ये नाजिमा शाळेतून निवृत्त झाली. भूगोल शिकवण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. रुमानाचा फोन आला, "अम्मी, ऑक्टोबरमध्ये मला चार दिवस सुट्टी आहे. नकाशावर छडी ठेवून दाखवलेलं एखादं शहर निवड. मी तिथं येते, तू तिथं ये." नाजिमानं बुडापेस्ट निवडलं. डॅन्यूब नदी बघायचीय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्याहून मोठं कारण असं की बुडापेस्ट म्हणजे पुणे नव्हे आणि म्युनिकही नव्हे. तिथं दार ना बापाचं, ना लेकीचं.

आणखी एक गोष्ट नाजिमाला ठाऊक होती, आणि ती ठाऊक असल्यापासून तिला नीट झोप नव्हती. जानेवारीत रुमाना तापानं पडली होती. त्या ग्लानीत फोनवर ती आईशी सगळं बोलून गेली. नकार तिचा नव्हताच. शहाबाजनंच तिला फोन करून विनवलं होतं, "तू नाही म्हण. मी म्हटलं तर अम्मी अंथरूण धरेल." त्याचं ऑफिसातल्या एका मुलीवर मन होतं. रुमानानं ते ओझं उचललं आणि उचललेलं खाली ठेवलं नाही. ताप उतरल्यावर तिनं आईला कुराणाची शपथ घातली: कुणाला सांगायचं नाही. आठ महिने नाजिमानं ती पाळली.

अकराच्या सुमाराला खातूनआपा आल्या, येरवड्याहून, शहाबाजच्या गाडीतून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नाजिमाचे सासरे हमीदमियाँ अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्यांना ऐकू कमी येई, पण घोरपडे पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये जे काही घडे ते लेकीला फोनवर सांगायचं काम ते चोख करत. शहाबाजला मात्र नाजिमानंच बोलावलं होतं. घरातले सगळे ऑनलाइन फॉर्म तोच भरायचा.

"अस्सलाम आलेकुम अब्बा," म्हणत आपा खुर्चीत बसल्या आणि नाजिमाकडे वळल्या. "विलायतेला निघालीस म्हणे."

"चार दिवस, आपा. फिरायला."

"जिनं बापाचा शब्द पाडला तिच्या बोलावण्यावर?"

"माझी मुलगी आहे ती."

"आम्ही कुठं नाही म्हणतोय? तुझीच आहे," आपा म्हणाल्या, आणि 'तुझीच' या शब्दावर थोडा वेळ थांबल्या. अल्ताफ पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं नाही.

शहाबाजनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. तीस वर्षांचा, नीटनेटका, अबोल मुलगा. नाजिमाला तो लहानपणापासून आवडायचा. गेले आठ महिने मात्र तो समोर आला की ती त्याच्या ताटात वाढताना नको इतकी हळू व्हायची. तिला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

"मामी, तुमचं झालं. दुसऱ्या प्रवाशाचं नाव?"

"अल्ताफ हमीद शेख," नाजिमा म्हणाली.

पेपर खाली आला. "मला कुणी विचारलं?"

"आत्ता विचारतेय. येता का?"

"नाही."

"कारण?"

"दुकान आहे."

"चार दिवस दुकान बंद राहिलं म्हणून पुण्यातले टीव्ही बंद पडणार नाहीत."

"थंडी सोसत नाही मला."

"मागच्या डिसेंबरात महाबळेश्वरला हाफ शर्टावर फिरत होता तुम्ही."

"नाजिमा," अल्ताफनं पेपरची नीट घडी घातली. "फिरायला माझी ना नाही. तिथं कोण येणारंय ते मला माहीत आहे, आणि तुलाही. उगाच शाळेतल्या पोरांसारखं मला फिरवू नकोस."

हमीदमियाँनी कानामागे हात धरला. "काय आहे तिथं बघायला?"

या प्रश्नाची नाजिमा वाटच बघत होती. तिनं वहीतून पान काढलं. चार दिवसांचा बेत तिनं धड्यासारखा आखला होता. ती मोठ्यानं वाचू लागली, म्हणजे सासऱ्यांनाही ऐकू जाईल.

"मधून डॅन्यूब वाहते. एका काठाला बुडा, ते टेकडीवर. दुसऱ्याला पेस्ट, ते सपाटीला. आधी वेगवेगळी गावं होती, दीडशे वर्षांपूर्वी एक झाली. पहिल्या दिवशी नदीकाठ, साखळीचा पूल आणि त्यांचं पार्लमेंट. दुसऱ्या दिवशी बुडाच्या टेकडीवरचा राजवाडा. तिसऱ्या दिवशी जुना मंडईचा हॉल, लोखंडी छपराचा, आणि गरम पाण्याचे हौद."

"हौद कसले?" आपांनी विचारलं.

"जमिनीतून गरम पाणी येतं, वज्रेश्वरीला येतं तसं. लोक त्यात बसतात. गुडघ्यांना चांगलं."

"बायका वेगळ्या बसतात ना?"

"एकत्रच बसतात, आपा."

"तोबा!" आपा म्हणाल्या. "पुढं वाच."

"चौथ्या दिवशी गुल बाबांचा दर्गा."

खोलीत सगळेच एकदम तिच्याकडे बघायला लागले.

"दर्गा? तिथं?" आपांनी विचारलं.

"तुर्कांचं जवळजवळ दीडशे वर्षं राज्य होतं तिथं. त्यांच्याबरोबर आलेले दरवेश होते गुल बाबा. टेकडीवर मजार आहे, भोवती गुलाबाची बाग. अजून लोक जातात फातिहा पढायला."

दर्गा तिनं अल्ताफसाठी बेतात घातला होता. नवऱ्याला ती ओळखून होती. मुलीला भेटायला जातो असं तो कधी म्हणणार नाही. जियारतीला, म्हणजे दर्ग्याच्या दर्शनाला, जातो म्हणाला तर कुणी मान खाली घालायला लावणार नाही. त्याला नाक वर ठेवून विमानात बसता यावं, एवढाच तिचा हिशेब होता.

पण तो लागू पडला भलत्याच माणसाला.

"गुलाबाची बाग," आपा पुटपुटल्या. मग ताठ बसल्या. "अल्ताफ, तू जाणार नाहीस ना?"

"नाही म्हटलं ना."

"मग मी जाते. मक्केला, उमऱ्याला जायला काढलेला पासपोर्ट आहे माझा, अजून सहा-सात वर्षं चालेल. नाजिमाला तरी सोबत नको का? बाईमाणूस एकटी परमुलखात."

अल्ताफचा चेहरा सुटल्यासारखा झाला. "हे बरं झालं. आपा, तूच जा. शहाबाज, घाल तिचं नाव."

नाजिमाच्या हातातलं पान हातातच राहिलं. एवढ्या आठवड्यांचा बेत दोन वाक्यांत दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेला होता. शिवाय आता विरोध करायला तोंड नव्हतं. सोबत हवी असं तीच तर महिनाभर म्हणत होती.

"आपा, तुम्हाला दगदग होईल. चढ आहे तिथं."

"येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहते मी," आपा म्हणाल्या. "आणि दर्ग्याचं तर आहेच. पण मला त्या पोरीला एकदा समोर बसवून विचारायचंय. माझ्या मुलात काय कमी होतं? शिकलेला आहे, व्यसन नाही, वर मान करून बोलत नाही. फोनवर तोंड लपवता येतं. समोर बसली की सांगावंच लागेल. दोन वर्षं एकही स्थळ पुढं सरकत नाही त्याचं. मामेबहिणीनं नाकारला म्हणजे काहीतरी असेल, असं लोक म्हणतात. हे तिच्यामुळं. मी तिला तिथंच, दर्ग्याच्या पायरीवर..."

"आपा, तिला काही विचारू नका," नाजिमा म्हणाली.

"का? का विचारू नको?"

"नका विचारू."

एवढंच ती म्हणाली. शपथ मोडली नाही. पण बोलताना तिची नजर आपांकडे नव्हती, शहाबाजकडे होती, आणि ती तिनं हलवली नाही. शहाबाजनं वर पाहिलं. आईचं नाव त्यानं अर्धंच टाइप केलं होतं. मामीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. पेपर कोरा ठेवून बसलेल्या मुलाकडे परीक्षेत ती जशी बघायची तशी ती बघत होती. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

त्यानं लॅपटॉप मिटला.

"अम्मी, रुमानाला विचारू नकोस. तिनं नकार दिलाच नव्हता. मी तिला द्यायला लावला."

"काय बोलतोस?"

"मला ते लग्न नको होतं. ऑफिसात एक मुलगी होती. रुपाली. नारायण पेठेत राहायची." तो टेबलाकडे बघत भराभर बोलत होता, थांबला तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशा घाईनं. "तुला सांगायची हिंमत नव्हती. मी रुमानाला फोन केला. म्हटलं, तू लांब आहेस, तुला कोण काय करणार. तू नाही म्हण. ती म्हणाली बरं. कारण विचारलं तर माझं नाव घेणार नाही, असंही तीच म्हणाली."

आपांनी विचारलं ते एवढंच, "ती मुलगी कुठंय?"

"तिचं मागच्या वर्षी लग्न झालं. मी काहीच ठरवत नव्हतो, म्हणून."

"म्हणजे वर्षभर लपवण्यासारखंही काही उरलं नव्हतं."

शहाबाजनं मान आणखी खाली घातली.

"दोन वर्षं मी तिच्या नावानं बोटं मोडली," आपा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नमाजानंतरसुद्धा. तू समोर बसून जेवत होतास. एकदाही घास अडकला नाही तुझा?" मग सवयीनं, कुठेतरी मुलाची बाजू शोधायला हवी म्हणून, त्या नाजिमाकडे वळल्या. "पण तिलाही नकोच असणार. नाहीतर एवढ्या सहज कशी तयार झाली?"

इतके महिने नाजिमानं जे गिळलं होतं ते इथं गिळवेना. शपथेचं आता काही राहिलंही नव्हतं.

"तिला हवं होतं, आपा. होकाराचा मेसेज लिहून ठेवला होता तिनं. पाठवायच्या आधी याचा फोन आला."

शहाबाजनं झटकन मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं. त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि मग त्यानं दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. त्या क्षणी नाजिमाला त्याची कीव आली आणि आपण हे बोललो याचं वाईटही वाटलं. पण बोललं गेलं होतं.

"तुला माहीत होतं," अल्ताफ म्हणाला. तो केव्हा उठून उभा राहिला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"जानेवारी." त्यानं मनात महिने मोजले. "ईदला ती फोनवर होती. तू माझ्यासमोर फोन धरलास. मी उठून नमाजाला गेलो. तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि मला जाऊ दिलंस."

"शपथ घातली होती तिनं. आणि..." नाजिमा थांबली. खरं बोलायचं तर शपथ हे अर्धंच कारण होतं. "आणि मला वाटायचं, कारण कळल्याशिवायही तुम्ही बोलावं तिच्याशी. कारण कळल्यावर कुणीही बोललं असतं."

अल्ताफ गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. काचेपलीकडे त्याची पाठ दिसत राहिली.

आपा उठल्या. पर्स घेतली. शहाबाज गाडीची किल्ली शोधू लागला तेव्हा म्हणाल्या, "मी रिक्षानं जाते. तू तुझ्या गाडीनं ये, कधी यायचं तेव्हा."

"आपा, जेवून जा. दालचा केलाय," नाजिमा म्हणाली.

"आज नको." दाराशी चपला घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला. "नाजिमा, मी येत नाही तिकडे. माझं नाव काढून टाक. मी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू?" आणि दोन पायऱ्या उतरून, मागे न बघता, "फातिहा मात्र तिलाच पढायला सांग माझ्या नावानं. तिचा हक्क आहे."

शहाबाज त्यांच्यामागून जिना उतरला. खालून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याची गाडीही. येरवड्यापर्यंत तो रिक्षाच्या मागेच राहील, हे नाजिमाला न बघताही कळलं.

घरात ती आणि हमीदमियाँ उरले. तिनं त्यांना वाढलं. किती ऐकू आलं असेल कोण जाणे. पण ते भात कालवत बसले होते, खात नव्हते.

"मिरजेला गेलो होतो तेव्हा गाडी कुणी चालवली होती?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"यांनीच, अब्बा."

हमीदमियाँ अठरा वर्षं आपल्या सख्ख्या भावाशी बोलले नव्हते. कागद कापायच्या एका यंत्रावरून वाद होता. एकदा आपणहून उठले, म्हणाले मिरजेला चला, करीमला भेटायचंय. पोचले तर लोक त्यांना घरात न नेता कबरस्तानात घेऊन गेले. करीमला दफन करून तीन दिवस झाले होते. निरोप पाठवायचा की नाही, हे त्या घरातही कुणाला ठरवता आलं नव्हतं. या घराण्यात अबोला बापाकडून मुलाकडे येई, उंचीसारखा, नाकासारखा.

म्हातारा ताट सरकवून उठला, भिंत धरत गॅलरीपर्यंत गेला आणि काचेवर बोटांनी टकटक केलं. दार उघडलं.

"मिरजेहून येताना सबंध वाट तू गप्प होतास," हमीदमियाँ मुलाला म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं, खालच्या मजल्यावरही जाईल असे. "मला वाटलं होतं, पोरानं बघितलंय, शहाणा होईल. काय बघत होतास तू? रस्ता?"

अल्ताफनं त्यांना हाताला धरून परत टेबलापाशी आणलं, बसवलं, ताट पुढं ओढून दिलं. आणि नाजिमाकडे न बघता हात पुढं केला.

"तिचा नंबर दे. माझ्याकडचा मी पुसलाय."

नाजिमानं आकडे सांगितले. त्यानं ते स्वतःच्या फोनवर दाबले, एकेक, रिमोटचे खटके तपासावेत तसे. पुण्यात दोन वाजत होते, तिकडे सकाळचे साडेदहा. तो तिथंच टेबलापाशी उभा राहिला.

"अल्ताफ बोलतोय," तो म्हणाला. दुकानाचा फोन उचलताना म्हणायचा तसंच.

पलीकडून अगदी बारीक, "अब्बू?"

"ऑक्टोबरात तिकडे थंडी किती असते?"

"दहा... बारा डिग्री. संध्याकाळी कमी."

"स्वेटर चालेल की जॅकेट?"

"जॅकेट आणा, अब्बू. नदीवर वारं असतं."

"बरं." तो म्हणाला. "शहाबाज आला होता. सगळं सांगून गेला."

आता पलीकडून जे येत होतं ते बोलणं नव्हतं. नाजिमा खुर्चीची पाठ धरून उभी होती. अल्ताफनं फोन दुसऱ्या कानाला लावला, तो पुन्हा पहिल्याला आणला.

"रड," तो म्हणाला. "मी आहे फोनवर. घाई नाही मला, आज रविवार आहे. दुकान बंद आहे." आणि बऱ्याच वेळानं, आवाज खाली नेऊन, "मी कारण विचारत राहिलो. 'कशी आहेस' विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

नाजिमानं डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर त्याला दिसलं असतं. तिनं नुसतीच सासऱ्यांच्या ताटात दालच्याची आणखी एक पळी वाढली.

"अम्मी?" अल्ताफ फोनवर म्हणत होता. "आहे ना. इथंच उभी आहे. देत नाही तिला. माझं भांडण आहे तिच्याशी, मोठं. आता सुरू केलं तर व्हिसाचे कागद राहतील. तिकडं चार दिवस आहेत, तिथं भांडू. तुझ्यासमोर."